दोन बोटं जागा

३ मार्च, मंगळवार, दुपारची सुट्टी

बाबा,

ताईचं पत्र पोचलं. तीन जुन्या पत्त्यांवरून फिरून आलं. पाकिटावर इतके शिक्के आहेत की माझ्यापेक्षा तेच जास्त भटकलेलं दिसतं. आत चार ओळी. तुमच्या डोळ्यांना आता सुईतला दोरा दिसत नाही, एप्रिलअखेर पुस्तकबांधणीचं दुकान बंद करताय, सामान काढून टाकणार, आणि 'तुला काही हवं असेल तर आत्ताच कळव, मागाहून रडत बसू नकोस.' कशी आहेस वगैरे काही नाही. वर्गात सूचना देऊन देऊन ताईची पत्रंसुद्धा सूचनाफलकासारखी झालीत. (हे तिला दाखवू नका. किंवा दाखवाच.)

'मला काही नको' एवढंच लिहून कार्ड टाकणार होते. तीन वर्षांत सात टाकली, तसंच आठवं. नवा पत्ता आणि 'मी बरी आहे'. पण कार्डं संपलीत. हाताशी आहे हा लिफ्ट-तपासणीचा छापील कागद, मागून कोरा करकरीत. कोरा कागद दिसला की माझं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. दुकानातल्या कापलेल्या कडांच्या पट्ट्यांवरसुद्धा मी लिहीत बसायचे.

तर सध्या मी उंच इमारतींच्या काचा पुसते. बाहेरून. दोरावर लटकून. कमरेला आणि मांड्यांना पट्टे, बाजूला बादली, हातात रबरी पट्टी. ताईला म्हणावं, डोळे फिरवू नकोस, दोन दोर असतात. एक कामाचा, एक राखीव. त्याआधी बिस्किटांच्या कारखान्यात होते (सहा महिने अंगाला व्हॅनिलाचा वास, कुत्री मागे लागायची), मग लोकांचं घरसामान हलवणाऱ्यांच्या ट्रकवर, मग होडीवर तिकिटं फाडायला. होडीवरच्या म्हातारीची गोष्ट सांगायला हवी, ती रोज जायची आणि उतरायचीच नाही, त्याच होडीने परत. पण ते राहू दे.

गल्लीतले म्हणाले असतील, कुणाचा तरी हात धरून गेली. बाबा, कुणाचाच हात नव्हता. असता तर निदान सामान उचलायला झाला असता.

एक विचारायचं होतं. पोथीचं काय करणार?

खळ शिजेपर्यंत तुम्ही रोज सकाळी तिचं एक पान वाचायचात. एका हातात पळी, एका हातात पोथी. पानांना खळीचे डाग पडायचे आणि आई म्हणायची, "देवाला रोज खळ चाटवतात, म्हणून तो या घराला चिकटून आहे." त्यातलं ते उलटं झाड. मुळं वर, फांद्या खाली, पानं म्हणजे मंत्र. तुम्ही वाचता वाचता थांबून विचारायचात, "सांग, मूळ कुठंय?" आणि एकदा मी कागदाच्या गठ्ठ्यांना पाय टेकून खाली डोकं वर पाय उभी राहिले आणि ओरडले, "बाबा, सरळच आहे की!" आई इतकी हसली की तिला ठसका लागला. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही पोथी मिटून माझ्याकडे बघत राहिलात आणि खळ लागली भांड्याला.

पोथी मला नको. पण कुणाला देऊ नका.

मी बरी आहे.

तुमची धाकटी


८ मार्च, रविवार

बाबा,

उत्तर यायला वेळ लागणार हे कळतं. तरी लिहितेय. या वेळी कॅलेंडरचं फेब्रुवारीचं पान. तो महिना तसाही संपला.

रविवारी इथे फार शांत असतं. माझी खोली कपडे धुवायच्या दुकानावर आहे. एरवी दिवसभर खालची यंत्रं घुमत असतात, जमीन किंचित थरथरते, आपण कुठल्याशा बोटीत आहोत असं वाटतं. रविवारी यंत्रं बंद. मग कळतं की खोलीत आपण एकटेच आहोत. मी सकाळपासून दोनदा केस विंचरले.

खुंटेमामांबद्दल सांगते. हे त्यांचं खरं नाव नाही. आमच्यात जोडी असते, एक दोरावर, एक गच्चीवर. मामा गच्चीवरचे. गेली एकोणीस वर्षं ते वेगवेगळ्या गच्च्यांवर एका जागी उभे आहेत, म्हणून सगळे त्यांना खुंटा म्हणतात. मला ते भिंगरी म्हणतात. पहिल्याच दिवशी म्हणाले, "तुझे पाय जमिनीवर टिकत नाहीत ना? मग हे काम बरंय. इथे जमीनच नाही."

मामांचा एक नियम आहे. आपली गाठ आपण तपासायची नाही. दोर गच्चीवरच्या लोखंडी कड्यांना बांधायचा तो मी, पण कठड्यावरून पाय टाकण्याआधी गाठ बघणार मामा. हात लावून, ओढून, आणि मग मोठ्याने म्हणणार, "बघितली." ते 'बघितली' ऐकल्याशिवाय मी हलायचं नाही. मी एकदा म्हटलं, "मामा, मलाही दिसतंय की, चांगली बसलीय." तर म्हणाले, "आपण मारलेली गाठ आपल्याला चांगलीच दिसते गं बाई. म्हणून तर दुसरा लागतो."

आता खरं ते सांगते, ज्यासाठी कागद काढला. परवा मी अकराव्या मजल्यासमोर लटकले होते. काचेत माझंच प्रतिबिंब. वर बघितलं तर दोर सरळ वर जाऊन कठड्याआड गेलेला. मामा दिसत नाहीत, कडी दिसत नाही. खाली बघितलं तर माझे हात, पाय, बादली, पाण्याचे ओघळ, सगळं खाली खाली फुटत गेलेलं. आणि एकदम, बाबा, भर उन्हात अंगावर काटा आला. मूळ वर. फांद्या खाली. मीच ते झाड! इतकी वर्षं वाटत होतं, उलटं झाड म्हणजे काहीतरी कोडं आहे, मोठ्या माणसांनी मान डोलवायचं. आणि मी त्याला पट्टे लावून रोज सकाळी आठ वाजता लटकत होते.

मी खूप हसले. आतल्या ऑफिसातल्या माणसाला वाटलं त्याला हसतेय. त्याने पडदा ओढला.

मग हसू गेलं. पोथीत त्या झाडाचं पुढे काय करायचं तेही आहे. विरक्तीची कुऱ्हाड घ्यायची आणि तोडायचं. निघताना मी तुम्हाला तेच ऐकवलं. तुम्ही कुठलंसं जाड खातं शिवत होता. मी पिशवी खांद्याला लावून दारात उभी, आणि काय ते नाट्यगृहातल्यासारखं बोलले, "तुमच्याच पोथीत आहे ना, झाड तोडायचं म्हणून? मी तोडलं." आईला जाऊन बावीस दिवस झाले होते. तुम्ही वर बघितलं नाहीत. दाभण पुठ्ठ्यात रुतलेलं तसंच राहिलं, आणि तुम्ही म्हणालात, "दार लोटून घे."

मला वाटलं, सुटले. जिना उतरले तर पाय एवढे हलके की रेलिंग धरावं लागलं.

विरक्ती वगैरे काही नव्हतं ते. दुसरंच होतं. पण आज नाही लिहीत. खाली कुणीतरी येऊन बंद शटर वाजवतंय, बघते.

धाकटी


१९ मार्च, गुरुवार

बाबा,

आज गोष्टी सांगत नाही. हा कागद दवाखान्यातला आहे, तपासणीच्या सूचनांच्या मागचा. मला काही झालेलं नाही. मामांना झालंय.

कठड्याची कड धारदार असते. दोर तिथे घासू नये म्हणून जाड नळीचा चिरलेला तुकडा दोरावर चढवून कडेवर बसवायचा, आणि तो सरकू नये म्हणून सुतळीने बांधायचा. बसवणं माझं काम, बांधणंही माझंच. मी बसवला. तेवढ्यात पलीकडच्या गच्चीवर एक बाई गालिचा झटकत होती आणि त्यातून एवढी धूळ उडाली, उन्हात सोनेरी, की मी बघत राहिले. बांधायचं राहिलं. मामांनी गाठ तपासली, "बघितली" म्हणाले. मी कठडा ओलांडताना तो तुकडा माझ्या अंगाआड होता. त्यांना दिसला नाही.

आणि वॉकीटॉकी मी बंद ठेवला होता. तो नियमात बसत नाही. पण मामा त्यावर सारखे बोलतात, डावीकडे वारा आहे, बादली सांभाळ, पाणी प्यायलीस का. मला खाली शांत आवडतं. म्हणून मी बटण फिरवून ठेवायचे, आणि वर आल्यावर सांगायचे की बॅटरी गेली होती.

दुसऱ्या-तिसऱ्या झोक्याला नळीचा तुकडा सरकून खाली पडला. मला कळलंसुद्धा नाही. मी आपली एका खिडकीतल्या मांजराशी खेळत होते. ते आतून काचेवर पंजा मारायचं, मी बाहेरून पट्टी फिरवायचे. त्या मांजरासाठी मी एकच काच चार वेळा पुसली.

वर मामा मला बोलावतायत आणि मी ऐकत नाही. हाक मारली तर वाऱ्यात पोचत नाही. एकट्या माणसाला दोरावरचं माणूस ओढून घेता येत नाही. त्यांनी राखीव दोराखाली स्वतःची टोपी आणि बूट घातला, आणि कामाच्या दोराखाली, कडेवर, स्वतःचा हात. चामड्याचा मोजा होता. तो दहा मिनिटांत गेला असेल. मी खाली चाळीस मिनिटं होते. प्रत्येक झोक्याला दोर त्यांच्या तळव्यावरून करवतीसारखा जात होता.

वर आले तेव्हा ते एका पायात बूट घालून गुडघ्यावर बसले होते. आधी मला वाटलं, काहीतरी सापडलंय त्यांना आणि ते मला दाखवायला हात पुढे करतायत.

"मामा, हात काढला का नाही?"

"काढून ठेवू कुठे?"

मी रडायला लागले. ते म्हणाले, "भिंगरे, आधी पट्टा सोड, मग रड. पट्ट्यात रडलं की श्वास अडकतो."

टॅक्सीत मी त्यांना विचारलं, तुम्ही चिडला नाहीत? ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "चिडलो ना. पहिली पाच मिनिटं खूप चिडलो. मग तुझा झोका यायचा, जायचा, यायचा. मोजायला लागलो. मोजताना चिडता येत नाही."

तळव्याला अठरा टाके आहेत. दोन बोटं वळतील की नाही, महिन्याने कळेल म्हणाले. कंपनीला मामांनी सांगितलं, नळीचा तुकडा जुना होता. मी मध्ये बोलायला गेले तर त्यांनी चांगल्या हाताने मला गप्प केलं. मी दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं खरं काय ते. पंधरा दिवस दोरावर जायचं नाही, अशी शिक्षा झाली. कमीच झाली.

आता ते लिहिते, जे मागच्या पत्रात अर्धवट टाकलं.

त्या दिवशी सकाळी आईचा श्वास बदलला आणि तुम्ही मला म्हणालात, "पळ, ताईला शाळेतून घेऊन ये." वीस मिनिटांची वाट. आम्ही दोघी आलो ते दोन तासांनी, आणि तोवर सगळं झालं होतं. मी तुम्हाला सांगितलं, शाळेत परीक्षा होती, फाटकावर अडवलं, ताईला सोडेनात.

बाबा, कुणी अडवलं नव्हतं. वाटेत त्या जुन्या गिरणीच्या चिमणीवर एक माणूस दोराला लटकून रंग लावत होता. एवढासा. लाल डबा घेऊन. तो एक पट्टा रंगवायचा, पायाने भिंतीला रेटा द्यायचा, हवेत लांब जायचा आणि परत बरोबर त्याच जागी. मी म्हटलं, एकदा बघते आणि जाते. मग म्हटलं, अजून एकदा. मी आईला विसरले नव्हते. तेच तर सांगता येत नाही कुणाला. मला सगळं माहीत होतं. पुढे गेलं की ते खरं होणार होतं, आणि तिथे उभं राहिलं की तो माणूस नुसता झोके घेत होता. दीड तास मी मान वर करून उभी होते.

आईने दोनदा माझं नाव घेतलं, असं तुम्ही नंतर शेजारच्या काकूंना सांगताना मी ऐकलं. एकदा ताईचं, दोनदा माझं. तुम्ही एकटे होता तिच्यापाशी.

ताईला ठाऊक आहे. शाळेत मी किती वाजता पोचले ते तिला माहीतच होतं. माझ्या खोट्याला तिने तुमच्यासमोर मान डोलवली, आणि नंतर माझ्याशी सरळ बोलली नाही. तिचीही आई होती. तिचेही दोन तास मी घेतले.

म्हणून गेले. पोथीतली कुऱ्हाड आयती मिळाली, ती उचलली. तुम्ही काही विचारलं नाहीत, त्या न विचारण्याखाली मला बसवेना.

ही माझी गाठ, बाबा. तीन वर्षं मीच तपासतेय, आणि मला ती कधी चांगली दिसते, कधी फास दिसतो. तुम्ही बघा. ओढून बघा. मग काय म्हणायचं ते म्हणा.

धाकटी


२ एप्रिल, गुरुवार, गच्ची

बाबा,

दोन आठवडे झाले. उत्तर नाही. मी पोस्टमनच्या इतकी मागे लागलेय की तो आता लांबूनच दोन्ही हात रिकामे दाखवतो.

कळतं मला. असं पत्र आल्यावर माणूस काय लिहिणार. पण एप्रिलअखेर जवळ येतेय, दुकान बंद होईल, मग त्या दारात यायला मला काही निमित्तसुद्धा उरणार नाही. म्हणून एकदाच सरळ विचारते. मी येऊ का?

मागच्या वर्षी एकदा आले होते. हे ताईलाही माहीत नाही. समोरच्या फुटपाथवर, छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या फळीशेजारी उभी राहिले. दार नुसतं लोटलेलं होतं, फटीतून तुम्ही दिसत होता, भिंग डोळ्याला लावून पुठ्ठ्याला कापड चढवत होता. टेबलापाशी दुसरा स्टूल, माझा, तसाच होता. छत्रीवाल्याने विचारलं, "काय हवंय?" मी म्हटलं, "काही नाही, बघतेय." तो म्हणाला, "बघायचे पैसे नाहीत, पण सावली माझी आहे." मी सावलीतून बाहेर झाले आणि तशीच स्टेशनवर गेले. बघत उभं राहणं मला चांगलं जमतं, पुढे जाणं जमत नाही.

दोरावर बंदी आहे म्हणून या आठवड्यात मी वरची. खाली पोपट आहे, आमच्यातला दुसरा एक, त्याला पोपट म्हणतात कारण वॉकीटॉकीवर क्षणभर गप्प बसत नाही. मामा हाताची पट्टी छातीशी धरून खुर्चीत बसलेत, फक्त माझ्यावर नजर ठेवायला. मी नळीचा तुकडा तीन सुतळ्यांनी बांधला. मामा म्हणाले, "पुरे, लग्नाचा मांडव नाही." मग पोपटची गाठ मी बघितली. हात लावला, ओढली, आणि म्हटलं, "बघितली." माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

बाबा, वरून काहीच दिसत नाही. हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, वरच्याला सगळं दिसतं, तो वरून लक्ष ठेवतो, चुका मोजतो. कठड्यापलीकडे दोर जातो आणि संपतो. माणूस दिसत नाही. तो हसतोय की घाबरलाय, कळत नाही. फक्त दोर ताणलेला असतो, आणि तो ताणलेला आहे म्हणजे खाली कुणीतरी आहे. जागा सोडता येत नाही. पाणी प्यायचं तरी डोळे दोरावर. मध्येच पोपट दहा मिनिटं बोलला नाही. मी मामांकडे बघितलं. ते म्हणाले, "थांब नुसती. दोर सांगेल." थोड्या वेळाने दोर हलला. पोपट डबा खात होता.

मी तेव्हा मामांना उलट्या झाडाचं सांगितलं. सगळं, कुऱ्हाडीसकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोथी माझी नाही, मला त्यातलं कळत नाही. पण मूळ वर आहे म्हणतात ना, मग लटकणाऱ्याने कुऱ्हाड जपून चालवावी."

पोथीला काय म्हणायचंय ते पोथीला माहीत. शहाणी माणसं त्यातून मोठा अर्थ काढत असतील. माझ्यापुरतं एवढंच कळलंय. मी मुळाला देव समजत होते, लांबचा, सगळं बघणारा, आणि म्हणून पळत होते. मूळ बघत नाही, बाबा. मूळ धरून असतं. त्यालाही पान दिसत नाही. तेही तिथे एकटंच असतं, कठड्याच्या अलीकडे. मग कुणी कुणाला सोडून दिलं, हे झाडाकडे बघून सांगता येत नाही. त्या झाडाची सुरुवात दिसत नाही आणि शेवटही दिसत नाही असं तुम्ही वाचायचात, तेव्हा मला तो धाक वाटायचा. आज पहिल्यांदा धीर वाटला.

आणि मग वाटलं, तीन वर्षं तुम्ही असेच उभे होता का? सात कार्डांवर?

का हे मीच माझ्या सोयीने लावतेय? आपली गाठ आपल्याला चांगलीच दिसते.

मी येऊ का? ताईकडून एक शब्द आला तरी चालेल. 'नको' आला तरी.

धाकटी


११ एप्रिल, शनिवार, सकाळ

बाबा,

ताईचं पत्र काल आलं. या वेळी सहा ओळी. मी ते खालच्या दुकानात यंत्रांच्या आवाजात वाचलं, मग जिन्यात वाचलं, मग गच्चीवर नेऊन मामांना वाचून दाखवलं. आता पाठ झालंय. ती लिहिते:

'बाबांना लिहिता येत नाही, हात थरथरतो. मला म्हणाले, तिला कळव, पानाच्या डावीकडे दोन बोटं जागा सोडत जा, शिवणीत अक्षरं जातात. आणि कागद एका मापाचा घे, कडा जुळत नाहीत. एवढंच म्हणाले. गिऱ्हाइकांचं सगळं काम परत केलंय, दाबायच्या शिकंज्यात फक्त तुझी सात कार्डं आणि चार पत्रं आहेत. शिवून झालीत पण शेवटची गाठ मारलेली नाही, दोरा लोंबतोय. मी कापायला गेले तर अंगावर ओरडले. मलाही दोन तास तुझ्याशी भांडायचं आहे, ये.'

मामा म्हणाले, "काय म्हणाले मग वडील? ये म्हणाले का नको?"

मी म्हटलं, "समास सोड म्हणाले."

मामांनी पट्टीतली बोटं हलवून बघितली. एक वळतं आता, दुसरं नाही. मग म्हणाले, "मग इथे काय करतेस?"

रात्रभर एकच विचार करत होते. शिवणीत अक्षरं गेली हे तुम्हाला कळलं, म्हणजे शिवल्यावर तुम्ही ती परत वाचायला काढलीत. त्या डोळ्यांनी. तिसरं पत्रही. चिमणीचं. त्या पत्रातल्या ओळींचे पहिले शब्द मी आठवत बसले. कुठले गेले असतील आत? 'आईने' गेला असेल. 'दीड तास' गेला असेल. 'कुणी अडवलं नव्हतं' मधला 'कुणी' गेला असेल. मग वाटलं, जाऊ देत. शिवणीत गेलेलं हरवत नाही, तुम्हीच सांगायचात. नुसतं दिसत नाही.

कामावर सांगून आलेय. मामांनी परवानगी मागायचीही संधी दिली नाही, माझी पिशवी तेच उचलायला निघाले, एका हाताने. पोपटने वॉकीटॉकीवरून निरोप दिला, अख्ख्या इमारतीला ऐकू गेला. गाडी उद्या दुपारची आहे. वाटेत मी कशापाशी थांबेन, सांगता येत नाही. गालिचा झटकणाऱ्या बायका सगळीकडे असतात. पण या वेळी ताईच्या शाळेत फोन करून निरोप ठेवलाय, संध्याकाळपर्यंत आले नाही तर स्टेशनवर येऊन कान धरून घेऊन जा.

आल्यावर सुईत दोरा मी ओवीन. शेवटची गाठ तुम्ही मारा. मी बघेन.

हा कागद विकत घेतलाय, पहिल्यांदाच. माप त्या पहिल्या पत्राचं, लिफ्टवाल्या कागदाचं, दुकानदाराकडून पट्टीने मोजून घेतलं. पत्र पेटीत टाकत नाही, हातानेच आणतेय. डावीकडे दोन बोटं सोडलीत. तुमची बोटं जाड आहेत, म्हणून माझी अडीच.

धाकटी